कुंपणावरचं डिझेल

मोगली एरंडाचं फळ आधी हिरवं असतं, मग पिवळं पडतं आणि शेवटी काळपट होऊन झाडावरच वाळतं. फोडलं की आत तीन काळ्या, लांबट बिया निघतात. त्यांचं टरफल दाताने फोडू नये. गर चवीला शेंगदाण्यासारखा लागतो आणि तिथेच घात होतो. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळेतली मुलं एकदम उलट्या करू लागली, त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं, अशा बातम्या महाराष्ट्रात दर काही वर्षांनी येतात. ती हीच बी. हिच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेल असतं, आणि त्या तेलावर डिझेलचं इंजिन चालतं. लोकांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र सरकारांनी आणि कंपन्यांनी ही गोष्ट नव्याने शोधल्यासारखी उचलून धरली, आणि भारतापासून मोझांबिकपर्यंत लाखो लहान शेतकऱ्यांना हे झाड लावायला सांगितलं.

पुढे काय झालं हे समजून घ्यायचं, तर या झाडाचं काम बी पेरल्यापासून इंजिनापर्यंत पायरी पायरीने पाहावं लागतं. पिकाची गोम बहुतेक वेळा तेलाच्या टक्क्यात नसते. ती वेचणाऱ्या हातात आणि विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकात असते.

झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. पोर्तुगीजांनी ते केप व्हर्द बेटांवर नेलं, तिथून ते आफ्रिकेत आणि आशियात पसरलं. केप व्हर्दहून त्याच्या बिया लिस्बनला जात आणि त्यांच्या तेलाचा साबण होई, दिवे जळत. आपल्याकडे त्याचा मुक्काम कुंपणावर पडला. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, फांदी रोवली तरी जगते, पाणी घालायला नको. देठ मोडून त्याच्या चिकाचे फुगे उडवणं हा कोकण-देशावरच्या कितीतरी पिढ्यांचा खेळ आहे. तो चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, हेही त्या पिढ्यांना माहीत आहे.

आता बियांकडे येऊ. झाडाला घोसाने फुलं येतात, पण त्यांत नर फुलंच फार. वीस-पंचवीस नर फुलांमागे एखादं मादी फूल, म्हणजे एवढा फुलोरा असूनही एका घोसाला जेमतेम दहाएक फळं धरतात. शिवाय ती एका वेळी पिकत नाहीत. एकाच घोसात एक फळ हिरवं, दुसरं पिवळं, तिसरं वाळलेलं असतं. गहू किंवा सोयाबीनसारखं एकदा शेतात शिरून सगळं काढून घेता येत नाही. दर आठ-दहा दिवसांनी त्याच झाडाकडे परत जावं लागतं, पिकलेलं तेवढंच तोडावं लागतं, आणि हा सिलसिला दोन-अडीच महिने चालतो. यंत्राला हे जमत नाही, हातांनाच करावं लागतं. गावात हे हात बहुधा बायकांचे आणि मुलांचे असतात.

एका किलोत साधारण दीड हजार बिया बसतात. फळात तीन बिया, म्हणजे किलोमागे पाचशे फळं. गावातल्या छोट्या घाण्यावर चार-साडेचार किलो बियांतून एक लिटर तेल पडतं. हिशेब केला तर एका लिटरसाठी दोन हजारांहून जास्त फळं कुणीतरी हाताने तोडलेली, वाळवलेली आणि सोललेली असतात. झाडं लगडलेली असली, तर ताशी दोन-तीन किलो बियांची फळं तोडून होतात. वाळवणं-सोलणं धरलं की माणूस दिवसाला दहा-बारा किलो स्वच्छ बियांवर येतो. विरळ कुंपणावर तेवढंही होत नाही.

तोडल्यावर बी सावलीत नीट वाळवली पाहिजे. ओलसर बी पोत्यात भरून ठेवली, तर तेलातली आम्लता वाढते आणि पुढचा सगळा घाट बिघडतो. घाण्यातून निघालेलं तेल गढूळ असतं. ते दोन-चार दिवस निवळू द्यायचं, मग गाळायचं. इथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट गावातली. तेल आहे तसंच इंजिनात घालायचं. हे तेल डिझेलच्या कितीतरी पट दाट असतं, म्हणून नव्या गाडीच्या नाजूक पंपाला ते झेपत नाही. पण संथ फिरणारं, जुन्या लिस्टर घाटणीचं इंजिन ते पचवतं. सुरुवात डिझेलवर करायची, इंजिन तापलं की तेलावर घ्यायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायचं, म्हणजे नळ्यांत दाट तेल साचून राहत नाही. विहिरीवर असं इंजिन ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना याची रीत लगेच कळेल.

दुसरी वाट कारखान्यातली. शंभर लिटर तेलात वीसएक लिटर मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश घालून मिश्रण कोमट ठेवून ढवळायचं. तेलाचे मोठे रेणू फुटतात, वर पातळ बायोडिझेल येतं आणि खाली ग्लिसरीन बसतं. बायोडिझेल वेगळं करून, धुऊन, सुकवलं की ते कुठल्याही गाडीच्या डिझेलमध्ये मिसळता येतं. तेलात आम्लता जास्त असली, तर सोड्याशी मिळून त्याचा साबण होतो आणि बायोडिझेल कमी पडतं. म्हणजे गावातल्या अंगणात बी कशी वाळली यावर कारखान्यातला उतारा ठरतो, पण चांगली वाळवल्याबद्दल शेतकऱ्याला जादा पैसे मोजायची पद्धत मात्र फारशी कुठे बसली नाही.

तेल काढल्यावर उरते ती पेंड. शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड शेतकऱ्याला जादा उत्पन्न देऊन जाते, कारण गोठ्यात तिला मागणी असते. मोगली एरंडाची पेंड विषारी आहे, ती जनावराला चालत नाही. खत म्हणून उत्तम, पण खताच्या भावात. मेक्सिकोत या झाडाची बिनविषारी जात आहे आणि काही भागांत तिच्या बिया भाजून खातातही. जगभर पसरलं ते मात्र मोजक्या बियांपासून वाढलेलं विषारी वाण. २००३ साली जेव्हा हे झाड लाखो हेक्टरवर लावायचं ठरलं, तेव्हा त्याचं एकही निवडून, पारखून काढलेलं खात्रीचं वाण शेतकऱ्याच्या हातात नव्हतं. ज्वारी-बाजरीच्या बाबतीत असं कुणी केलं असतं का? मला ही सगळ्या कहाणीतली सर्वांत अक्षम्य गोष्ट वाटते.

त्या वर्षी भारताच्या नियोजन आयोगाच्या समितीने आपला अहवाल दिला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळायचं आणि त्यासाठी एक कोटी हेक्टरहून जास्त जमिनीवर मोगली एरंड उभा करायचा, असा तो बेत होता. छत्तीसगडने पुढाकार घेतला, कोट्यवधी रोपं वाटली गेली. डिझेल आता आखातातून नव्हे, परसातून येईल अशा अर्थाची घोषणा तिथे भिंतींवर झळकली.

मग भाव ठरला. केंद्राच्या धोरणानुसार १ जानेवारी २००६ पासून तेल कंपन्या लिटरला २५ रुपये दराने बायोडिझेल घेणार होत्या. बी किलोला ६ रुपये धरू. मोठ्या घाण्यावर उतारा चांगला पडतो, म्हणून लिटरला साडेतीन किलो बी धरू. नुसत्या बियांचेच २१ रुपये झाले. उरलेल्या ४ रुपयांत गावोगावचं बी गोळा करून आणायचं, गाळायचं, मिथेनॉल घालायचं, तयार माल तेल कंपनीच्या केंद्रावर पोचवायचा आणि वर चार पैसे नफाही कमवायचा. कारखानदाराला हे परवडणारं नव्हतं. आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. दिवसाला दहा-बारा किलो बी म्हणजे साठ-सत्तर रुपये. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा त्याच सुमाराला लागू झाला, आणि त्यात दिवसाला किमान ६० रुपये मजुरी लिहिलेली होती. म्हणजे बी वेचून जेमतेम रोज सुटत होता. जमिनीचं भाडं, रोपांची निगा, तीन-चार वर्षांची वाट, यांचं काहीच नाही. भाव वाढवून द्यावा म्हटलं, तर पंपावरचं डिझेल सरकारच दाबून स्वस्त ठेवत होतं. खालून मजुरी आणि वरून डिझेलचा भाव, या जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये हे पीक सापडलं.

वाट पाहण्याचा मुद्दा कागदावर फारच सहज लिहिला जातो. रोप लावल्यावर फळांचा खरा बहर तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने त्यातला एक एकर चार वर्षं गुंतवायचा, म्हणजे चार वर्षांची तूर, भुईमूग, गुरांचा चारा सोडायचा. तमिळनाडूत कोइमतूरच्या बाजूला नेमकं हेच घडलं. कंपन्यांनी करार केले, बँकांनी कर्जं दिली, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी भुईमुगाच्या रानात हे झाड लावलं. भुईमुगाबरोबर त्याचा पालाही गेला, म्हणजे गुरांचा चारा गेला. तिथल्या शेतकऱ्यांचा एक काटेकोर अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. उत्पन्न सांगितल्यापेक्षा फारच कमी आलं, ज्याच्याकडे पाणी होतं त्यालाच काहीतरी हाती लागलं, आणि गरीब, मागास शेतकरी आणखी गरीब झाला, असा त्याचा निष्कर्ष होता.

सगळा बेत ज्या समजुतीवर उभा होता, ती समजूत अशी होती की हे झाड पडीक जमिनीवर येतं, म्हणून अन्नाच्या पिकाशी त्याचं भांडण नाही. झाड पडीकावर येतं हे खरंच आहे, पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. मुरमाड रानात, कमी पावसावर हे झाड पानं गाळून तग धरतं, आणि तग धरण्यातच त्याची ताकद संपते. बियांत तेल भरायला त्याला पाणी आणि खत बाकी पिकांइतकंच लागतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? दुसरं म्हणजे, सरकारी नोंदीत पडीक लिहिलेल्या जमिनीवर गावातली शेळ्या-मेंढ्यांची चराई असते, सरपण असतं, मोहाची फुलं आणि तेंदूची पानं असतात. भूमिहीन माणसाचा संसार बराचसा त्या पडीकावर चालतो. तिथे शेळी ज्याला तोंड लावत नाही असं झाड लावलं, तर शेळीवाल्याने कुठे जायचं?

मोझांबिकमध्येही हाच समज होता. २००४ साली निवडणूक प्रचारात आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर अर्मांदो गेबूझा यांनी निरुपयोगी जमिनीवर हे झाड लावा असा धोशा लावला. शेतकऱ्यांनी लावलं. पानं खाणाऱ्या भुंग्यांनी झाडं पोखरली. ज्यांच्या झाडांना बी धरली, त्यांच्याकडे ती विकत घ्यायला कुणी आलं नाही. तिथल्या राष्ट्रीय शेतकरी संघटनेने एका पर्यावरण संस्थेबरोबर २००९ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा ही तक्रार तिच्यात स्पष्ट उमटली होती. त्याच सुमाराला मोठ्या कंपन्याही मागे सरत होत्या. बीपी या तेल कंपनीने २००७ मध्ये या झाडासाठी भागीदारी केली आणि २००९ मध्ये ती सोडून दिली. कंपनीला दोन वर्षांत बाहेर पडता येतं. शेतकऱ्याच्या रानातलं झाड मात्र चाळीस वर्षं जगतं, आणि ते उपटायचा खर्च त्याच्याच माथी येतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत मात्र हे झाड पूर्वापार कुंपणावर आहे. कापसाच्या आणि भाजीपाल्याच्या रानाभोवती त्याची दाट वई असते. बायका बी वेचतात, तेल काढून साबण करतात आणि तो बाजारात विकतात. यात जमीन अडकत नाही, कारण कुंपण तर हवंच असतं. मजुरीही फुरसतीच्या वेळातली. नव्वदीच्या दशकापासून तिथे खेड्यांत छोटे यंत्रसंच बसवले गेले. लोखंडी चौकटीवर भारतात बनलेलं लिस्टर घाटणीचं डिझेल इंजिन, आणि त्याच पट्ट्यावर आळीपाळीने गिरणी, सोलणी, बॅटरी भरण्याचं यंत्र. बायकांच्या गटाकडे त्यांची मालकी. त्यातली काही इंजिनं या तेलावरही चालवून पाहिली गेली.

याच देशातलं गारालो हे गाव पाहण्यासारखं आहे. तिथे एका स्थानिक संस्थेने तीनशे किलोवॉटचं वीजघर उभं केलं. आसपासच्या शेतकऱ्यांनी मोगली एरंड लावायचा, त्याच्या तेलावर जनित्रं चालायची आणि गावात दिवे लागायचे, अशी योजना. दिवे लागले. दुकानं रात्री उघडी राहू लागली. पण बी ठरवल्याइतकी आलीच नाही, आणि वीजघर बहुतांश डिझेलवर चालवावं लागलं. गारालोला मी अपयश म्हणणार नाही, गावाला वीज मिळाली. मात्र त्यावरून एक गोष्ट मोजून कळते: कुंपणाच्या बियांवर साबण होतो, एखादं इंजिन चालतं, पण अख्ख्या गावाच्या विजेला ती पुरत नाही.

कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात, मडेनूरला, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने २००७ पासून जे काम केलं ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्यांनी शेतकऱ्याला रान द्यायला सांगितलं नाही. बांध, कुंपण, रस्त्याकडेची जागा एवढीच धरली, आणि एका झाडावर भिस्त न ठेवता करंज, मोह, कडुनिंब, सिमारूबा, मोगली एरंड अशी मिसळ लावली. करंज तर तिथल्या बांधावर आधीपासूनच होता. त्याचा पाला भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून जातो, आणि त्याची पेंड किती उपयोगी हे आपल्याकडच्या बागायतदारांना सांगायला नको. तेलाचा भाव पडला, तरी पाला आणि पेंड राहते. ही कमाई मोठी नाही, वर्षाकाठी हाताला लागणारे चार जादा पैसे आहेत. पण या व्यवस्थेत कुणाचं रान गेलं नाही.

दुसरं गिऱ्हाईक किती मोलाचं असतं, हे ब्राझीलच्या एरंडीने दाखवलं. तिथे बायोडिझेलचा राष्ट्रीय कार्यक्रम डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्यात शेतकऱ्यांसाठी एक खास योजना होती, सामाजिक इंधनाचा शिक्का. ज्या कंपनीला हा शिक्का हवा, तिने कच्च्या मालाचा ठरावीक हिस्सा लहान, कुटुंबाच्या शेतीतून घ्यायचा. पेरणीआधी करार करायचा, त्यात शेतकरी संघटनेला सामील करून घ्यायचं, आणि शेतावर सल्लागार पाठवायचा. बदल्यात करात सवलत आणि सरकारी लिलावात जागा. कोरडवाहू ईशान्य भागासाठी पीक ठरलं ते एरंडी, आपला साधा एरंड, शेंगांच्या पिकात आंतरपीक म्हणून घेतलेला.

घडलं ते वेगळंच. एरंडेल औषधांत, रंगांत, वंगणात चालतं आणि त्याला डिझेलपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. ते दाटही इतकं असतं की नुसत्या एरंडेलाचं बायोडिझेल मानकात बसेना. मग कंपन्या शिक्का टिकवण्यासाठी एरंडी विकत घेत, तेल रसायनांच्या बाजारात विकत, आणि बायोडिझेल सोयाबीनचं करत. कार्यक्रमाचा मोठा लाभ दक्षिणेतल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांकडे गेला. सियारा राज्यातल्या किशादा इथला सरकारी कंपनीचा बायोडिझेल कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. पण ईशान्येच्या शेतकऱ्याचा एरंड त्याने कुजला नाही. त्याच्या मालाला इंधनापलीकडचा बाजार होता.

आपल्या उसाचंही तसंच आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली, कारण साखर कमी पडेल अशी भीती होती. काही दिवसांत ती थोडी सैल झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. महाराष्ट्रात आसवनीत पैसा घातलेले कारखाने अडचणीत आले. ऊस मात्र गाळला गेला आणि त्याची साखर झाली. शेतकऱ्याच्या बाजूला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार होता: ठरलेली किमान किंमत, चौदा दिवसांत पैसे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. ही थकबाकी मिळवायला शेतकऱ्यांना अजून रस्त्यावर यावं लागतं हे खरं आहे. पण भांडायला हातात कायदा आहे. मोगली एरंडवाल्याकडे कराराचा कागद असलाच, तर त्यात खरेदीची हमी असे, पण ती पाळली नाही तर काय, ही ओळ नसे.

पिकाला दुसरं गिऱ्हाईक आणि हातात पक्का कागद आहे का, ही परीक्षा सध्या आसामात सुरू आहे. गोलाघाट जिल्ह्यात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल करणारा कारखाना सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्याला वर्षाला काही लाख टन हिरवा बांबू लागेल, आणि तो बराचसा लहान शेतकऱ्यांच्या परसातून आणि बांधावरून येणार. बांबूचं बेट लावल्यावर चार-पाच वर्षांत तोडायला येतं आणि पुढे दरवर्षी तोडता येतं, बेट तसंच राहतं. २०१७ मध्ये कायदा बदलल्यापासून जंगलाबाहेरचा बांबू झाडात मोजला जात नाही, म्हणून तो तोडायला आणि न्यायला वनखात्याची परवानगी लागत नाही. बांबूला घरबांधणीत, टोपल्या-सुपांत, मांडवात मागणी आहेच. पण ती मागणी मोठ्या गिऱ्हाइकाची जागा घेत नाही, हेही आसामने पाहिलं आहे. कछारची कागद गिरणी २०१५ मध्ये आणि जागीरोडची २०१७ मध्ये बंद पडली, तेव्हा त्यांना बांबू पुरवणाऱ्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं. आता बांबूवाल्या शेतकऱ्यांपुढे करार येतील. भाव दर किती वर्षांनी बदलणार, वाहतूक कुणी करायची, कारखाना बंद राहिला तर तोडलेल्या बांबूचे पैसे कोण देणार, हे त्यांत पांढऱ्यावर काळं लिहिलेलं आहे का, ते त्यांनी सही करण्याआधी पाहून घ्यावं.